खंडोबाचा उजवा हात

मूर्ती साडेआठ इंच उंच. वजन तीन किलो चारशे ग्रॅम, तेही किराणा दुकानाच्या काट्यावर केलेलं. घोड्यावर खंडोबा, पुढ्यात म्हाळसा, घोड्याच्या पायाशी मान वर करून बघणारं कुत्रं. खंडोबाचा उजवा हात कोपराच्या जरा खाली तुटलेला, आणि हातातली तलवारही त्याच्यासोबत गेलेली. गावाचं नाव मी लिहिणार नाही. ओतीव देवांना गिऱ्हाईक फार असतं आणि देवळाला कुलूप साधंच असतं, एवढं कारण पुरे. औसा तालुक्यातलं, तेरणेच्या अंगाचं गाव, इतकंच सांगतो.

मी चित्रकलेचा शिक्षक, आता निवृत्त. देवस्थान कमिटीनं मला बोलावलं ते "सर, तुम्हाला मूर्तीतलं कळतं" म्हणून. मला मूर्तीतलं कळत होतं ते कागदावर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या पोरांकडून मी नटराज किती वेळा काढून घेतला असेल, मोजदाद नाही. मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, एग्मोरच्या संग्रहालयात चोळ काळातले ब्राँझ बघताना मी अर्धा दिवस घालवला होता आणि त्या अर्ध्या दिवसावर पुढं वीस वर्षं वर्गात बोललो. पण धातूचा तुटलेला हात परत कसा लावतात, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

ढिगाऱ्यातून निघालेला देव

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. चारच्या सुमाराला भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदं, असली घरं माणसांवर बसली. देऊळही तसंच बांधलेलं. तिसऱ्या दिवशी ढिगारा उपसताना घोडा सापडला. खंडोबाचा हात मात्र सापडला नाही. माती चाळून बघितली असं म्हातारे सांगतात, पण त्या आठवड्यात माती चाळायची ती कशासाठी हे सांगायला नको.

पुढं बावन्न गावं नव्या जागी बसवली गेली, त्यात हेही आलं. देव आधी पत्र्याच्या शेडमध्ये, मग ग्रामपंचायतीच्या खोलीत, मग स्लॅबच्या नव्या देवळात. दरम्यान कुणी तरी, कुणी ते आता कबूल करत नाही, नळाच्या गळतीला लावतात त्या लगद्याचा हात करून चिकटवला आणि डब्याचा पत्रा कापून तांब्याच्या तारेनं तलवार बांधली. सणाला हार आणि भंडारा एवढा चढायचा की काही दिसायचं नाही. जवळजवळ तीस वर्षं गावानं त्या लगद्याच्या हातापुढं तळी उचलली.

गेल्या वर्षी कळसारोहण ठरलं आणि अंघोळ घालताना तो लगदा गळून पडला. चंपाषष्ठी पाच महिन्यांवर होती.

कमिटीपुढचे तीन रस्ते

बैठकीत पहिला आणि सगळ्यात सोपा रस्ता निघाला तो नवीन मूर्तीचा. लातूरच्या भांड्याच्या दुकानात मुरादाबादहून आलेल्या पितळी मूर्ती मिळतात, चकचकीत, दीड फुटापर्यंत. जुनी मोडीत घालायची, वजनाचे पैसे वळते होतील. हे बोलणारा पोरगा वाईट नव्हता. घरातली फुटकी घागर आपण हेच करून बदलतो, त्याला देवही तसाच वाटला. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरातली दोन पितळी पातेली आणि एक हंडा याच रस्त्यानं गेले होते. आईनं ते विकले तेव्हा तीही वाईट नव्हती.

दुसरा रस्ता वेल्डिंगचा. फाट्यावरच्या गॅरेजवाल्यानं फोटो बघून "गॅसनं पितळी डाग मारून देतो, अर्ध्या तासाचं काम" म्हटलं होतं.

तिसरा गुरवाचा. भंगलेली मूर्ती पुजायची नाही, तेरणेत सोडायची.

मी चौथा रस्ता सांगितला असं नाही. मी फक्त वेळ मागितला. एक गोष्ट मात्र तिथंच सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय पोरगा मूर्ती पिशवीत घालून निघाला असता. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही साधी मोड नाही, तिच्या विक्रीला परवाना लागतो आणि देशाबाहेर न्यायला बंदीच आहे. देवस्थानच्या निजामाच्या वेळच्या वहीत, फसली सनाच्या, म्हणजे तेव्हाच्या महसुली सालाच्या नोंदीत, "घोड्यावरला देव" लिहिलेला होता आणि हिशेब केला तर शंभरी केव्हाच उलटलेली. कायदा म्हटल्यावर बैठक गंभीर झाली. कलेबद्दल मी आधी वीस मिनिटं बोललो होतो, त्याचा तेवढा परिणाम झाला नव्हता.

धातू काय म्हणतो

गावात सगळे मूर्तीला पंचधातूची म्हणतात. लातूरच्या एका सराफाकडं सोन्याचा टंच काढायचं यंत्र असतं, त्याच्याखाली घोड्याची टाप धरली. ते यंत्र सोन्यासाठी बनवलेलं, आणि वरच्या कातडीपुरतंच बघतं, त्यामुळं आकडे लिहीत नाही. पण चित्र स्पष्ट होतं. बहुतेक तांबं, बरंच जस्त, थोडं शिसं, कथील नावापुरतं. सोनं नाही, चांदी नाही. म्हणजे आमचा खंडोबा काशाचा नव्हे, चक्क पितळेचा.

यात देवाचा अपमान काही नाही. तांब्यात कथील मिसळलं की कासं, जस्त मिसळलं की पितळ. कथील आपल्याकडं कायमच दुर्मीळ आणि महाग, त्यामुळं गावाकडचे अलीकडच्या शतकांतले ओतीव देव फार करून पितळेचेच असतात. पुस्तकात सगळ्यांना सरसकट ब्राँझ म्हणायची पद्धत आहे. मीही वर्गात तसंच म्हणायचो.

पण या माहितीमुळं गॅरेजचा रस्ता बंद झाला. पितळी डाग लागायला आठशे अंशांच्या वर आच लागते. मूर्तीचं पितळ नऊशेच्या पुढं वितळायला लागतं, आणि नऊशे सातला तर निव्वळ जस्त उकळतं. म्हणजे डाग आणि मूर्ती यांच्यात अंतर किती, तर वेल्डरच्या मनगटाच्या एका झटक्याएवढं. म्हाळसेचं नाक ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान आहे. तिथं ज्योत दोन सेकंद रेंगाळली असती तरी नाक राहिलं नसतं.

भिंग घेऊन बसलो तेव्हा दुसरी गोष्ट सापडली. घोड्याच्या पोटाखाली, डाव्या अंगाला, एक चौकोनी ठिगळ. नखाएवढं, कडा कानशीनं घासून बसवलेल्या. घोडा आतून पोकळ आहे, खंडोबा आणि म्हाळसा भरीव. पोकळ ओतताना आत मातीचा गाभा असतो आणि तो हलू नये म्हणून धातूचे खिळे आरपार ठेवतात. नंतर ते काढून भोकं बुजवतात. पण हे ठिगळ खिळ्याच्या भोकाचं नव्हतं, फार मोठं होतं. ओतताना तिथं रस पोचलाच नव्हता. मूळच्या कारागिराचा घोडा पोटात फाटका निघाला होता आणि त्यानं तो फेकून न देता ठिगळ लावून दिला होता.

मी गुरवांना ते दाखवलं. त्यांनी बराच वेळ बोटानं चाचपलं. "म्हंजे जल्मापासूनच सांधलेला हाय की देव," म्हणाले. तेरणेचा विषय त्यांनी परत काढला नाही. शास्त्रात हे बसतं का, मी विचारायला गेलो नाही.

बैलाच्या जिवावर

ओतारी, म्हणजे धातू ओतणारा कारागीर, शोधायला तीन आठवडे गेले. लातुरात "ओतारी" म्हटलं की लोक आडनाव समजून पत्ता सांगतात. शेवटी एका जनावरांच्या दलालानं, देवणी बैलांच्या, सांगितलं की उमरग्याच्या पुढं हद्दीजवळच्या एका गावात एक म्हातारा आहे, त्याच्या घंटा ओळखू येतात.

म्हाताऱ्याचं वय ऐंशीच्या घरात. अंगणात लिंबाखाली भट्टीचा खड्डा, त्यात कोंबड्या बसलेल्या. मी मूर्ती फडक्यातून काढली तर त्यांनी आधी पाठमोरी केली. पुढून बघितलीच नाही. घोड्याची शेपटी, लगाम, जीनाची झूल बघत राहिले. लगाम मेणाच्या दोऱ्याचा पीळ देऊन केलेला आहे, पीळ उजवा आहे, करणाऱ्यानं मेणात राळ जास्त घातली होती म्हणून पिळाला बारीक चिरा आहेत, असं सगळं ते मला सांगत होते. मी चाळीस वर्षं मूर्ती पुढून बघत आलो होतो.

"देव किती ओतले मामा?" मी विचारलं.

"देव?" ते हसले. "सा-सात आसतील. कोन घेतंय देव? एकदा घेतला की चार पिढ्या पुरतंय."

हे वाक्य या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

आपण ओतकामाच्या ऱ्हासाबद्दल बोलतो तेव्हा डोळ्यांपुढं देव असतात. राजे गेले, देवळांचा आश्रय गेला, म्हणून कला गेली, अशी एक ठरलेली कहाणी आहे. तंजावरकडं ती खरीही असेल. तिथं स्वामीमलैचे स्थपती आजही मेणाच्या मूर्ती करून ओततात, कारण देवळं आणि मागणी दोन्ही टिकून आहेत. आमच्याकडं गोष्ट वेगळी. ओताऱ्याला देवानं कधी पोसलं नाही. त्याला पोसलं बैलानं. गळ्यातली घंटा, घुंगुरमाळ, शिंगांच्या टोकांना शेंब्या, पायात तोडे. पोळ्याच्या आधी दोन महिने भट्टी विझत नसे, असं मामा सांगत होते. एकेका घराला दोन जोड्या, दर जोडीला घंटा, दर दोन-तीन वर्षांनी एखादी फुटणार, हरवणार, चोरीला जाणार. लाल कंधारीच्या जाड मानेला वेगळी घंटा, देवणीला वेगळी. मेणाचं बोट, मातीचा हात, रसाचा अंदाज, हे सगळं घंटांवर तयार व्हायचं. हजार घंटा ओतलेल्या हाताला मग दहा वर्षांतून एकदा देव सांगितला की तो करायचा.

बैल गेले तसे हे गेलं. ट्रॅक्टर आला आणि पोळ्याला लोक ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घालायला लागले. उरलेल्या बैलांना बाजारात पत्र्याच्या घंटा स्वस्त मिळतात. मामांचा मुलगा चाकणला कंपनीत यंत्रावर आहे. लोखंडाचे भाग काढतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. मला त्यात खंत शोधायची होती, ती त्यांच्या बोलण्यात नव्हती. पोरगं पगार घेतंय, सावलीत काम करतंय.

पैठणी अजून का विणली जाते? लग्नं होतात म्हणून. संग्रहालयात येवल्याची जुनी पैठणी बघून कुणी हरखतं म्हणून नव्हे.

मेण, माती, रस

आता काम. मामांनी अट घातली: मूर्तीला भट्टीची आच लावणार नाही. माझी अट: मूर्तीला भोक पाडायचं नाही. मग हात बसणार कसा? मी खुंटी, स्क्रू असं काहीबाही सुचवत होतो. त्यांनी तुटक्या कोपराभोवती बोट फिरवलं आणि म्हणाले, "तोडा घालू देवाला."

म्हणजे असं. नवा हात आधी मेणात करून मग पितळेत ओतायचा, पण त्याच्या वरच्या टोकाला बैलाच्या तोड्यासारखं पोकळ कडं ठेवायचं. ते कडं तुटलेल्या खुंटावर टोपीसारखं चढेल, आत कथलाचा हलका डाग, जो दोनशे अंशांच्या आसपास लागतो आणि पुढं कधी काढावासा वाटला तर तेवढ्याच आचेवर निघतो. बाहेरून बघणाऱ्याला देवानं हातात कडं घातलंय असंच दिसेल. मोठमोठ्या संग्रहालयांतले दुरुस्तीवाले ज्याला फार महत्त्व देतात, की आज केलेलं काम उद्या मूळ वस्तूला धक्का न लावता काढता आलं पाहिजे, ते या माणसानं तोडे ओतून ओतून हाताशी ठेवलं होतं.

मेणात राळ आणि थोडं करडईचं तेल घालून गरम केलं. खुंटाला तेल लावून त्यावर आधी पातळ कापडाचा एक फेर दिला. कापड कशाला? धातू थिजताना आकसतो. कडं खुंटाच्या नेमक्या मापाचं केलं तर ओतल्यावर चढणारच नाही. कापडाची जाडी म्हणजे आकसण्याचा हिशेब. त्यावर मेणाचं कडं, कड्यातून हात, हातात मूठ, मुठीत तलवार. हात करायला त्यांना दीड तास लागला, तलवारीला दहा मिनिटं. मग सगळं खुंटावरून अलगद ओढून काढलं.

मी तलवारीचा कोन जुन्या फोटोवरून सांगत होतो. १९९३ च्या आधीच्या एका लग्नाच्या फोटोत मागं देव दिसतो, पुसट. मामांनी फोटो बघितला आणि बाजूला ठेवला. घोडा ज्या अंगाला कलला आहे त्याच्या उलट अंगाला तलवार गेली पाहिजे, नाही तर देव पडंल, म्हणाले. मेणाचा हात खुंटावर ठेवून बघितला तेव्हा घोड्यावरचा माणूस एकदम तोलात बसला. लगद्याच्या हातानं तीस वर्षं तो जरा कुठंतरी कललेला वाटायचा, ते आत्ता लक्षात आलं.

मातीबद्दल. आपली काळी माती या कामाला नालायक. वाळताना ती भेगाळते, हे शेतात उन्हाळ्यात कुणीही बघतं. मामा वारुळाची माती घेतात. पहिल्या थरासाठी ती वस्त्रगाळ करून त्यात जाळलेलं तूस, कातरीनं बारीक केलेला जुन्या गोधडीचा कापूस आणि चिमूटभर मीठ. हा थर पातळ, बोटानं लेपायचा, सावलीत वाळवायचा. दोन दिवसांनी दुसरा. मग तिसरा जाड.

मी ऐकत होतो आणि अंगावर काटा आला तो भावनेनं नव्हे, ओळखीनं. उमरग्याहून तासाभरावर बसवकल्याण आहे, चालुक्यांची कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं इ. स. ११३० च्या सुमाराला मानसोल्लास नावाचा ग्रंथ रचला. हत्ती, मासेमारी, स्वयंपाक, खेळ असं सगळं त्यात आहे, आणि मेणावरून मूर्ती ओतायची रीतही आहे. त्यात मातीचे तीन थर आहेत, जाळलेलं तूस आहे, बारीक कातरलेला कापूस आहे, मीठ आहे, सावलीत वाळवणं आहे. मेण आधी तोलून घ्यावं आणि त्याच्या पटीत धातू घ्यावा, चांदी बारापट, सोनं सोळापट, असाही हिशेब आहे. मामांनी तो ग्रंथ ऐकलेला नाही. त्यांचा हिशेब पितळेला "एकाला धा". पितळ मेणाच्या साधारण नऊपट जड असतं, वरची एक पट सांडलवंडीला आणि मळीला. आमचं मेण, रस ओतायच्या वाटेसकट, वीस ग्रॅम भरलं. दोनशे ग्रॅम पितळ मुशीत.

हे पितळ कुठलं, तर गावातल्या एका घरची फुटकी समई.

पहिली ओतणी फसली

पोळ्याच्या आधीचा आठवडा होता, हवेत ओल. साचा भट्टीत ठेवून आधी मेण वितळवून बाहेर काढतात आणि मग त्याच आचेवर माती लाल होईपर्यंत भाजतात. कोळसा कमी पडला. आता लाकडी कोळसा मिळवणं हेच एक काम होऊन बसलंय. मामांनी नातवाला भाता मारायला बसवलं, नातू एका हातानं भाता मारत दुसऱ्यानं मोबाईलवर चित्रण करत होता. मुशीतून जस्ताचा पांढरा धूर निघाला तसं मामांनी सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायला सांगितलं. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. रस ओतला. आवाज आला तो नळाखाली घागर भरत आल्यावर येतो तसा, आणि मग मध्येच तुटला.

साचा फोडला. हात होता, कडं होतं, मूठ होती. तलवार मुठीपासून बोटभर जाऊन थांबलेली. थंड्या साच्यात रस टोकापर्यंत पोचायच्या आधी थिजला होता.

त्यांनी काहीच म्हटलं नाही. फसलेला हात परत मुशीत टाकला आणि मेण गरम करायला घेतलं. मला घोड्याच्या पोटावरचं ठिगळ आठवलं. ते मी बोललो नाही, बोलायची ती वेळ नव्हती.

या रीतीत साचा एकदाच वापरता येतो. मेण जातं, माती फोडावी लागते, दुसऱ्या वेळी सगळं पहिल्यापासून. मोहेंजोदडोची नर्तकी, साडेदहा सेंटिमीटरची, आमच्या खंडोबाच्या निम्म्याहूनही लहान, याच रीतीनं ओतलेली. गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, दायमाबादला १९७४ मध्ये चार ओतीव वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ, मिळून साठ किलोंच्या वर वजन. शाळेत मी पोरांना ते रथाचे बैल दाखवायचो आणि सांगायचो की बघा, किती प्राचीन. त्या मागं किती साचे फुटले असतील हा विचार मला पहिल्यांदा त्या लिंबाखाली आला.

दुसरी ओतणी नऊ दिवसांनी. या वेळी वारं बाहेर पडायला तलवारीच्या टोकाशी केसाएवढी जादा वाट ठेवली आणि साचा भट्टीतून काढला तसा गरमच, राखेत पुरून, त्यात रस ओतला. टोकापर्यंत भरला.

हात बसला

चंपाषष्ठीच्या आधी मामा स्वतः आले. कडं कानशीनं आतून हलकं घासलं, खुंटावर चढवलं, डाग दिला. डाग द्यायला विजेची डाखणी वापरली, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची. मूर्ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली, फक्त कोपर बाहेर.

नवा हात पिवळाधमक, बाकी देव तपकिरी. कमिटीतल्या एकानं सुचवलं की सगळा देवच पॉलिश करू म्हणजे एकसारखं दिसेल. मी नको म्हटलं आणि का ते दाखवलं. खंडोबाचे डोळे आज जवळजवळ उरलेले नाहीत. फुटल्यामुळं नव्हे, घासल्यामुळं. चिंच, राख, आणि आता पावडर. दर अमावस्येला देव उजळायचा म्हणून शंभर वर्षं कुणी ना कुणी त्या तोंडावर अंगठा फिरवत आलंय. भूकंपानं एक हात नेला, चेहरा गावानंच नेला. गुरव म्हणाले, बरं सर, आता नुसत्या पाण्यानं. पुढच्या अमावस्येला गेलो तर देव लखलखत होता. त्यांच्या सुनेला कुणी सांगितलं नव्हतं.

मोबदल्याबद्दल लिहायलाच हवं. मामांनी काही मागितलं नाही. कमिटीनं अकराशे रुपये, नारळ, टॉवेल-टोपी दिली. कळसारोहणाच्या बॅनरचा खर्च याच्या कितीतरी पट होता आणि त्या बॅनरवर चौतीस फोटो होते. मी भांडून आणखी काही मिळवून दिलं, तरी कोळशाचा खर्च जेमतेम निघाला. मूर्तीच्या बैठकीवर मोडक्या अक्षरांत दान देणाऱ्याचं नाव आहे, करणाऱ्याचं नाही. तो चालीरीतीचा भाग म्हणून सोडून देता येईल. अकराशे रुपये मात्र आत्ताचे आहेत.

नव्या पितळी मूर्तीही आल्या, दोन. एका आमदारसमर्थकानं दिल्या. त्या गाभाऱ्यात जुन्या देवाच्या दोन बाजूंना आहेत, त्याच्यापेक्षा दुप्पट उंच. पालखीत मात्र घोडाच बसतो, कारण पालखी त्याच्या मापाची आहे.

उरलेला रस

दुसऱ्या ओतणीला मुशीत थोडा रस उरला होता. मामा रस कधी टाकत नाहीत. शेजारी घंटेचा एक साचा भाजून तयार ठेवला होता, त्यात ओतला. ती घंटा त्यांनी मला दिली. मूठभर, काठाला दोन रेघा, आत लोखंडाची जीभ.

मी वाजवली. आवाज आला तो बसका, डब्यावर चमचा मारावा तसा.

मामांनी हातातून घेतली, कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारली. "समईचं पितळ हाय. घंटंला कथील लागतंय. मागं कल्हईवाल्याकडनं घ्यायचो." मग म्हणाले, "कथील मिळालं तर आना. परत आटवून देतो."

पुढच्या आठवड्यात गंजगोलाईत गेलो. सोळा रस्ते फुटतात तिथून, त्यातल्या भांड्यांच्या ओळीत एकेक दुकान विचारत गेलो. पहिल्यानं अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा दाखवला. दुसऱ्यानं कल्हईवाला आता येत नाही, स्टीलला कल्हई लागत नाही, असं सांगितलं. तिसरा तरुण होता. त्यानं "कथील, कथील" असं दोनदा म्हणून बघितलं आणि मग वडिलांना आतून हाक मारली. वडील जेवत होते. मी बाहेर स्टुलावर बसलो, पिशवीत घंटा होती.